हळदीच्या गाण्यातली उसनी ओळ

मी अहिराणी गाणी लिहिते. म्हणजे राहते जळगावात, मेहरूणला, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात धुळ्याच्या एका स्टुडिओला लग्नाची, वरातीची गाणी लिहून देते. ती तुम्ही ऐकली असतील. मुद्दाम ऐकली नसतील तर भिंतीपलीकडून ऐकू आली असतील, कारण आमच्याकडे डीजे कोणाची परवानगी घेऊन वाजत नाही. स्टाफरूममध्ये याचं फारसं कौतुक नाही. "मॅडम, तुमच्या गाण्याने काल आमच्या गल्लीतली म्हैस दावं तोडून पळाली," असं एकाने सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, म्हशीला तरी ताल कळतो.

या गाण्यांत मी एक चोरटा खेळ खेळते. प्रत्येक गाण्यात कुठल्या तरी पुस्तकातलं काहीतरी लपवून ठेवते. एका कादंबरीतल्या माणसाचं बंद पडलेलं घड्याळ मी एका नवरदेवाच्या मनगटावर बांधलं होतं. एका जुन्या नाटकातली, उंबऱ्याशी अडखळून हसणारी सून मी वरातीच्या गाण्यात आणली आणि पोरं तिच्यावर रस्ताभर नाचली. हे कशासाठी, असं विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. वर्गात हीच पुस्तकं शिकवताना मुलं जांभया देतात. त्याच पुस्तकांचे तुकडे त्यांच्या पायांत शिरलेले बघितले की माझा राग जरा निवतो.

फक्त एकदा माझी चोरी पकडली गेली. आमच्या विभागात एक सर आहेत, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी चहा ढवळत विचारलं, "मॅडम, ते घड्याळ त्या कादंबरीतलंच ना?" मला इतका आनंद झाला की त्याच रविवारी त्यांना घरी बोलावून मी भरीत-पुरी खाऊ घातली. पकडणाऱ्याला जेवू घालणारी चोर माझ्याखेरीज दुसरी नसेल.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग भाच्चीचं लग्न ठरलं. भाच्ची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. नाशकात नोकरी करते आणि माझ्यावर हक्काने खेकसते. तिने फोनवर हुकूम सोडला, "आत्या, माझ्या हळदीला तुझं गाणं पाहिजे. नाचता आलं पाहिजे आणि मध्येच रडूही आलं पाहिजे." मी म्हटलं, एकाच गाण्यात दोन्ही पाहिजे असेल तर दोन आत्या कर. पण मनातून मला ते आवडलं होतं. भावाचं घर शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी, माय आणि नाना, म्हणजे माझे वडील, तेही तिथेच, आणि घरातलं माझ्या गाण्यांवर वाजणारं हे पहिलंच लग्न.

गाणं जवळजवळ सगळं बसमध्ये झालं. स्टुडिओत चालले होते, पारोळ्याच्या अलीकडे बस पंक्चर झाली, सगळे उतरून बाभळीच्या सावलीत उभे राहिले आणि मी फोनवर लिहीत बसले. हळद, मांडव, मामा, करवल्या हे सगळं सरसर आलं. रडू येणारी जागा तेवढी रिकामी होती. आणि तिथे एकदम एक ओळ येऊन बसली:

वाट झाडी ठेवसू, दिवा लावाले येजो.

तुझी वाट झाडून ठेवीन, दिवा लावायला ये. एवढंच. पण लिहिता लिहिता माझ्याच अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी मी ती ओळखली. कॉलेजात असताना वाचलेली कविता. परगावी गेलेल्या मुलीची आई त्यात बोलते. तपकिरी पुठ्ठ्याचं पुस्तक, डाव्या हाताचं पान, तळाकडची ओळ. मूळ ओळ प्रमाण मराठीत, मी ती अहिराणीत आणली, इतकंच. झाला खेळ, म्हटलं. तरी परीक्षा म्हणून ती ओळ सरांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "ओळखीचं वाटतंय. सांगतो." मग त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विसरून गेले.

हळद दुपार कलल्यावर होती. दारात मांडव पडला होता, मागच्या अंगणात वरण-बट्टीच्या बट्ट्या भाजणं चाललं होतं आणि नाना उगाचच तिथे उभे राहून भाजणाऱ्यांना शिकवत होते. नवरदेवाकडची पाच-सहा माणसं उष्टी हळद घेऊन आली होती. त्यांना मांडवात खुर्च्या दिल्या होत्या. आधी हळद मायने लावायची, मग बाकीच्या सवाष्णींनी. भाच्ची पाटावर बसली, मायने वाटीत बोटं बुडवली, आणि तेवढ्यात भावाने हौसेने माझं गाणं लावायला सांगितलं.

पोरी नाचायला लागल्या. मी खांबाला टेकून उभी होते आणि खरं सांगते, सुखात होते. मग ती ओळ आली.

नाचणाऱ्या पोरी नाचतच राहिल्या. पण पाटाभोवतीच्या म्हाताऱ्या बायका एकेक करून थांबल्या. कोणी टाळी अर्ध्यावर सोडली, कोणी पदर तोंडाशी नेला. मायची बोटं भाच्चीच्या गालापाशी पोचली होती, ती तिथेच राहिली. ओळ दोनदा येते. दुसऱ्यांदा आली तेव्हा मायने वाटी खाली ठेवली, उठली आणि घरात निघून गेली. हाताची हळद तिने पुसलीसुद्धा नाही.

"बंद करा ते," अक्का ओरडली. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. सगळी भावकी तिला अक्काच म्हणते आणि तिच्या शब्दापुढे डीजेचंही काही चालत नाही. गाणं थांबलं. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. भाच्ची पाटावरून माझ्याकडे बघत होती. "आत्या, काय लिहिलंस तू?" ती म्हणाली. मी एक सुंदर ओळ लिहिली होती आणि तिच्यात वावगं काय ते मला दिसत नव्हतं.

अक्काने मला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"हाई गानं नही शे," ती म्हणाली. "हाई रडानं शे."

"अक्का, हाई एक कवितामाईन लिधेल शे. पुस्तकमा शे." कवितेतून घेतलंय, पुस्तकात आहे.

"कविता लिखनारा आपला आंगनमा बसेल व्हता का?" अक्का म्हणाली. "तुनी मोठी बहीन गई तवय तुनी माय हाई शब्द लाईसन रडनी. मी तिले धरी बसेल व्हतू. आन् तू ते हयदमा लई उनी!"

बहीण गेली तेव्हा माय याच शब्दांनी रडली होती, आणि मी ते हळदीत आणले होते. इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, शब्द लावून रडतात. हेल काढतात, गेलेल्याला हाक मारतात, त्याला काय काय सांगायचं राहिलं ते एकेक ओळ करून सांगतात. ज्या घरात मरण होतं तिथे त्या दिवशी हे सगळं मोकळं असतं. पण एकदा दिवस घातले की ते शब्द परत घरात काढायचे नाहीत. कोण काय म्हणून रडली हे बायकांना वर्षानुवर्षं पाठ असतं, आणि तरी कोणी ते दुसऱ्याच्या तोंडावर म्हणत नाही. मंगलकार्यात तर नाहीच नाही. मी ते स्पीकरवर लावलं होतं, खाली ताशाचा ठेका टाकून.

मला एक मोठी बहीण होती, इतकं मला माहीत होतं. तापाने गेली. मी तेव्हा नुकतं चालायला लागले होते. घरात तिचा फोटो नाही, कपडा नाही. लहानपणी एक-दोनदा विचारलं तेव्हा माय उठून कामाला लागली आणि नाना म्हणाले, "नको काढू." मी काढलं नाही. पुढे पुढे तर मी स्वतःला मोठी मुलगीच समजत आले.

पण म्हणून ती ओळ कवितेतली नव्हती असं कसं होईल? मला ते पान दिसत होतं! मी मागच्या अंगणात जाऊन सरांना फोन लावला. ते घरी पेपर तपासत होते. म्हटलं, सर, ते पुस्तक तुमच्याकडे आहे ना, आत्ताच्या आत्ता काढा. त्यांनी काढलं. पानं उलटल्याचा आवाज येत होता. इकडे मांडवात शांतता, आणि माझ्या बाजूला नाना कोणाला तरी बट्टीत ओवा कमी पडला म्हणून रागावत होते. त्यांच्यापर्यंत अजून काही पोचलंच नव्हतं.

"सापडली," सर म्हणाले. "आई आहे. मुलगी आहे. वाटही आहे. झाडणं नाही मॅडम, आणि दिवा नाही."

"डाव्या पानावर बघा. तळाला."

"कविताच उजव्या पानावर आहे."

"नीट बघा ना सर."

"दोनदा वाचली," सर म्हणाले. "त्या दिवशी मलाही ओळखीची वाटली होती, पण ही यातली नाही. ही तुमची स्वतःचीच ओळ आहे. अभिनंदन."

अभिनंदन! मला त्या माणसाला दिलेलं भरीत परत मागावंसं वाटलं. फोन ठेवला आणि मी राखेच्या ढिगाशी नुसती उभी राहिले. ओळ माझी नाही हे नक्की. कवितेतलीही नाही. मग मायची, म्हणजे मी नुकती चालायला लागलेली पोर तिथे कुठेतरी होते, आणि ते माझ्या कानात गेलं आणि इतकी वर्षं बसून राहिलं? इतक्या लहानपणचं कोणाला आठवतं? मला तर परवा गॅस बंद केला की नाही तेही आठवत नाही. की मला आठवलं नाहीच, वाट झाडणं आणि दिवा लावणं कुठल्याही बाईच्या मनात येईल, तसं मायच्या आलं आणि माझ्याही आलं? मग ते तपकिरी पुस्तक, ते डावं पान कुठून आलं? इतरांच्या ओळी कुठून उचलल्या हे सांगण्यात मी पटाईत. स्वतःची ओळ कुठून आली ते मात्र मला कळेना, आणि आत एक म्हातारी हाताला हळद घेऊन बसली होती.

भाऊ मागच्या दाराशी आला. "तू जा तिच्याकडे," तो म्हणाला. "मी गेलो तर बोलत नाही. ते लोक विचारायला लागलेत, अपशकून झाला का म्हणून." पोरीची हळद अशी अर्धी राहिली असती तर ती गोष्ट तिच्या सासरी तिच्याआधी पोचली असती. मला ते कळत होतं. पण मायपुढे जाऊन काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

माय धान्याच्या खोलीत कोठीला पाठ लावून बसली होती. रडत नव्हती. मला वाटलं होतं ती चिडेल, आणि चिडली असती तर बरं झालं असतं, कारण चिडलेल्या मायशी कसं वागायचं ते मला येतं. ती माझ्याकडे वाट चुकलेल्या माणसासारखी बघत होती.

"कथाईन लई उनी तू हाई?" तिने विचारलं. कुठून आणलंस तू हे?

"पुस्तकमाईन," मी म्हटलं. मग म्हटलं, "माले वाटनं पुस्तकमाईन. पन पुस्तकमा नही शे."

"कसं ऱ्हाई? मनं शे ते." कसं असणार? माझं आहे ते. "त्या दिनपाईन मी कोनाले सांगेल नव्हतं. तुना बापलेबी नही."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. माफी मागावी असं मनात आलं, पण कशाची मागावी? चोरीची म्हणावी, तर चोरलेलं मला माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. हळद माझ्याही हाताला लागली.

मग ती म्हणाली, "त्याना पुढे काय व्हतं?"

मला आधी कळलंच नाही.

"मी खूप म्हनेल व्हतू," माय म्हणाली. "अक्का सांगस, दिन डूबे तवलोंग रडनी मी." दिवस बुडेपर्यंत. "शब्द सांगस नही. आन् माले काहीच याद नही. बठ्ठं गयं. हाई एक तू लई उनी." तिने माझा हात दाबला. "तुले याद शे ना? तू मना मांडीवर व्हतीस. पुढलं सांग."

म्हणजे ती अपशकुनाच्या भीतीने आत आली नव्हती. ती आठवायला आली होती. ज्या दिवशी तिने आपल्या पोरीला सगळं सांगितलं त्या दिवसातलं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ते स्पीकरमधून अचानक एका ओळीपुरतं परत आलं, आणि बाकीचं माझ्याकडे आहे असं तिला वाटत होतं. माझा जीव तुटला. तिला सांगायला हवं होतं की माय, मला काही आठवत नाही, मी गाणी लिहिणारी बाई आहे, माझ्या डोक्यात ओळी कुठूनही येतात. तेच सांगायला मी तोंड उघडलं.

आणि तोंडातून आलं ते हे:

कडीले हात पुरत नही, दार लोटी ठेवसू.

कडीला तुझा हात पोचत नाही, दार नुसतं लोटून ठेवीन. मी रचलं का ते? रचताना मला कळतं. मात्रा मोजल्या जातात, शब्द बदलून बघितले जातात, दुसरी-तिसरी ओळ येते आणि जाते. यातलं काही झालं नाही. पण आठवलं म्हणावं तर डोळ्यापुढे काही आलं नव्हतं, कानात कोणाचा आवाज नव्हता. लहान मूल म्हटलं की कडीला हात पोचणार नाहीच, हे सांगायला आठवण कशाला लागते? इतका साधा हिशेब माझ्या सवयीच्या डोक्याने आतल्या आत केला असेल. असेल. मला माहीत नाही.

मायने ती ओळ पुटपुटली. एकदा, मग पुन्हा, हेल लावून. दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज असा काही निघाला की मी तो कधी ऐकला नव्हता, किंवा ऐकला होता.

"हां," ती म्हणाली. "हाईच. हाईच व्हतं." मग तिला रडू आलं, आणि रडता रडता ती हसलीसुद्धा. "तिना हात पुरे नही ना वं. ती दारले डोकं लाईसन ढकले. बकरीना पिल्लासारखी."

माझ्या बहिणीबद्दल मला कोणी सांगितलेली ही पहिली गोष्ट. ती दार डोक्याने ढकलायची. पन्नाशीच्या उंबऱ्यावर उभी असलेली मी धान्याच्या खोलीत बसून हुंदके देऊन रडले, आणि कोणासाठी रडत होते तेही मला नीट सांगता आलं नसतं.

मायने तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. अक्काने काही विचारायच्या आत तिने वाटी उचलली. "पोर मनी शे, हयद मनी शे," तिने नवरदेवाकडच्या बायकांना ठणकावून सांगितलं, "आन् रडानंबी मनंच शे. कोनले काय त्रास शे?" कोणाला काही त्रास नव्हता. भाच्चीला कपाळापासून पायापर्यंत हळद लागली. नानांच्या बट्ट्या थोड्या कच्च्या राहिल्या होत्या. त्या सगळ्यांनी चांगल्या झाल्या म्हणून खाल्ल्या.

स्टुडिओवाल्याला मी ते गाणं पुसून टाकायला लावलं. तो हळहळला, म्हणाला, मॅडम, याला लाखांत बघणारे मिळाले असते. सरांना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते म्हणाले, म्हणजे संदर्भ तुमच्या आईचा. मी म्हटलं, पहिल्या ओळीचा असेल. दुसरीचं काय? अक्का तर ते शब्द तोंडातून काढणार नाही. ती खरी असेल तर मी मायला तिचंच परत दिलं. ती मी बनवलेली असेल, तर माझ्या बहिणीच्या मरणात मी माझे शब्द घुसडले, आणि आता ते तिथून निघायचे नाहीत. सर म्हणाले, "पण तुमच्या आईने ओळखली ना ती?" मी त्यांना सांगितलं, तुम्हालाही पहिली ओळ ओळखीचीच वाटली होती. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी तास होता म्हणून उठले, आणि वर्गात त्या दिवशी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

तेव्हापासून मी गाण्यांत काही लपवायची बंद झाले आहे. लपवायला हातात घेतलं की ते खरंच पुस्तकातलं आहे की आणखी कुठलं, अशी शंका येते आणि फोन खाली ठेवते.

माय आता दर रविवारी फोन करते. आधी उकाडा, मग नानांचे गुडघे, मग नातजावई किती गुणी आहे ते. हे सगळं झालं की आवाज बारीक करून विचारते, "काही याद उनं का वं पुढलं?" परवा भांडी घासता घासता माझ्याकडे एक ओळ आली. सुचली म्हणू की आठवली म्हणू? चांगली आहे. मायला ती पटेल, लगेच पटेल, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. या रविवारी तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नही माय, अजून काही नही."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घाई नही शे." फोन ठेवता ठेवता थांबली. "पन मी शे तवलोंग सांगजो."